कस उचलला, पण कस लागला का?

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाकडे एक छापील फॉर्म आला. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजकामासाठी खर्चावा लागतो. त्यातलं थोडं आपल्याही पदरात पडेल, या आशेनं आम्ही सगळ्या चहा-चिवड्यासकट फॉर्म भरायला बसलो. मंडळाचा शिवणवर्ग बरीच वर्षं चालू आहे, त्याच्यासाठीच पैसे मागायचे होते.

फॉर्ममध्ये पाच रकाने होते. पहिल्यात काय काय लागतं ते लिहायचं. मशीन, बाई, खोलीचं भाडं, वीज, भरभर लिहून झालं. दुसऱ्यात काय करता ते. आठवड्यातून पाच दिवस वर्ग, तेही झालं. तिसऱ्यात हाती काय आलं. किती जणी शिकून गेल्या याचं रजिस्टर आमच्याकडे अगदी चोख आहे, तेही उतरवलं. चौथ्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. तिथं विचारलं होतं, या कामामुळे त्या बायकांच्या आयुष्यात कोणता बदल झाला, आणि तो तुम्ही कशावरून ओळखलात?

“प्रमाणपत्रं दिली की आपण,” एक जण म्हणाली. “आणि समारंभाचे फोटो आहेत,” दुसरी म्हणाली. आमच्या खजिनदार अव्वा फारसं बोलत नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “फोटोदाग बदलावणि काणतैतेनु?” फोटोत बदल दिसतो होय? सगळ्या हसलो खऱ्या, पण त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही. फॉर्म मी घरी घेऊन आले.

अशा तक्त्याला समाजकामाच्या क्षेत्रात ‘लॉजिक मॉडेल’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी आत चूल आणि परातच आहे. पीठ, पाणी, सरपण हा पहिला रकाना. मळणं, थापणं, भाजणं हा दुसरा. दुरडीत दहा भाकऱ्या पडल्या हा तिसरा. पोरं पोटभर जेवली का, हा चौथा. आणि वर्षभरात ते त्यांच्या अंगी लागलं का, हा पाचवा. घरात आपण बायका तिसऱ्या रकान्यावर कधीच थांबत नाही. दुरडी भरली म्हणून कुणी हात धुऊन उठत नाही. कुणाच्या ताटात अर्धी भाकरी उरली, कुणी नुसतंच आमटीत बोट बुडवलं, सगळं नजरेत असतं. संस्थेच्या कामात मात्र आपण दुरडीचाच फोटो काढतो.

या तक्त्याचं एक जुनं रूप अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यानं १९७० च्या सुमारास वापरात आणलं. पैसे खर्च झाल्याचा हिशेब मिळायचा, पण त्यानं लोकांचं काय झालं ते कागदावर कुठंच दिसायचं नाही. पुढं जोसेफ व्होली या मूल्यमापनाच्या अभ्यासकानं १९७९ च्या पुस्तकातून लॉजिक मॉडेल हा शब्द रुळवला. मग केलॉग फाउंडेशननं (हो, तेच मक्याच्या पोह्यांवाले केलॉग, त्यांनी १९३० साली काढलेली संस्था) त्याची सोपी मार्गदर्शिका १९९८ साली छापली. तिथून हे रकाने फिरत फिरत आमच्या मंडळाच्या चटईवर येऊन पोचले.

पण हा तक्ता मला खरा कळला तो फोनवर, सुरतेच्या अक्काकडून. अक्का माझी मोठी मावसबहीण. लग्न होऊन ती सुरतेला उधन्याला गेली, भावजी लूमच्या कारखान्यात होते. ती घरी बसून साड्यांना टिकल्या आणि लेस लावण्याचं काम करते, म्हणून शिवणाबद्दल काही विचारावं असं माझ्या मनात होतं. बोलणं गेलं भलतीकडेच.

आपल्याला सुरत दोन कारणांनी माहीत. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये लुटलेली सुरत, आणि आठवडी बाजारात ढीग लावून विकली जाणारी हलकी, न चुरगळणारी सुरतेची साडी. तिथं मराठी माणूस किती आहे हे मात्र इकडं फारसं ठाऊक नसतं. तापी मुलताईला उगम पावते आणि खान्देशातून वाहत सुरतेला जाते. भुसावळ-सुरत रेल्वेही त्याच खोऱ्यातून जाते आणि त्याच वाटेनं खान्देशातली हजारो कुटुंबं मागावर काम करायला गेली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत गल्लोगल्ली मराठी ऐकू येतं. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. सात! आपण इकडं दोनच भाषांवरून एकमेकांच्या पाट्यांना काळं फासतो, ते आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. असो.

अक्काला कचऱ्याचा विषय काढायची खोटी, की ती १९९४ वर येते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला. पावसाळ्यात तापीचं पाणी सखल वस्त्यांत शिरलं होतं. चिखल, मेलेली जनावरं आणि न उचललेला कचरा तसाच पडून होता. वेड रोडच्या बाजूला माणसं दगावू लागल्याची बातमी पसरली आणि चार-पाच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. अक्काही गेली. दोन लेकरं, एक वळकटी, तोंडाला ओला रुमाल. भुसावळच्या गाडीत दारापाशी उभं राहून ती नंदुरबारपर्यंत गेली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शहरात मिळेनाशा झाल्या होत्या. आखाती देशांनी भारताची विमानं थांबवली. देशभरात मृत्यू पन्नासच्या थोडे वर झाले, पण भीती कित्येक लाखांना झाली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे महापालिका आयुक्त म्हणून आले. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत काय झालं ते आता प्रशासनाच्या अभ्यासक्रमात शिकवतात. त्यांनी शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला जागच्या जागी निर्णय घेण्याचे अधिकार दिले. साहेबांनी सकाळी कचेरीत बसायचं नाही, गल्लीत फिरायचं आणि दुपारी एकत्र बसून आढावा द्यायचा. याला ते ‘एसी टू डीसी’ म्हणत, म्हणजे एअर कंडिशनमधून डेली चोअर्सकडे. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. घाण करणाऱ्याकडून जागेवर पैसे वसूल होऊ लागले, अस्वच्छ खानावळींना टाळी लागली. झोपडपट्ट्यांत फरशी, गटार, संडास आले. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ या संस्थेच्या पाहणीत चंडीगडच्या खालोखाल सुरत देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरलं.

हे सगळं मी फॉर्मच्या कागदामागं रकान्यांत लिहून पाहिलं. झाडूवाले, ट्रक, पैसा हा पहिला रकाना. रात्रीची झाडलोट, गटारं, दंड हा दुसरा. इतके टन कचरा रोज उचलला हा तिसरा. आणि चौथा?

“प्लेग गेला की गं,” अक्का म्हणाली. “साहेब आला आणि प्लेग गेला.”

“अक्का, प्लेग साहेब यायच्या आधीच गेला होता.”

ती गप्प झाली. पण ते खरं आहे. औषधं मिळाली आणि साथ काही आठवड्यांत ओसरली. राव आले त्यानंतर सात-आठ महिन्यांनी. आणि प्लेग परत आला नाही म्हणून झाडलोटीला गुण द्यावेत, तर त्यातही अडचण आहे. १९६६ नंतर देशात माणसांना प्लेग झाल्याची खात्रीची नोंदच नव्हती. झाडलोट नसतानाही तो २८ वर्षं आला नव्हता. जो पाहुणा अठ्ठावीस वर्षांत एकदा येतो, तो यंदा आला नाही म्हणून आपल्या कुलपाची तारीफ करता येत नाही.

मग बदल मोजायचा कशानं? जो आजार दर पावसाळ्यात हमखास दार ठोठावतो त्यानं. सुरतेत तो हिवताप होता, हत्तीरोगही होता. इथं मला हा तक्ता फार आवडला, कारण तो नुसता हिशेब मागत नाही, मधला दुवा विचारतो. कचरा उचलला तर हिवताप का कमी व्हावा? हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात वाढतो. गटार वाहतं केलं की त्याचं घर मोडतं, हा दुवा सरळ आहे. हिवतापाचा डास बहुधा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. घराच्या टाकीत, बांधकामाच्या हौदात, गच्चीवरच्या पिंपात. रस्ता आरशासारखा झाडला तरी त्याला काही फरक पडत नाही. त्याच्यासाठी घरोघर जाऊन टाक्यांची झाकणं उघडून पाहावी लागतात. म्हणजे ‘शहर स्वच्छ केलं की ताप कमी होईल’ हे एक वाक्य नाही, ती तीन-चार वेगवेगळी वाक्यं आहेत, आणि एकेकाला वेगळं काम लागतं. तक्ता आधी मांडला तर हे आधी कळतं. नाहीतर झाडूंची खरेदी वाढत जाते, पोरं तापानं फणफणतच राहतात, आणि आपण म्हणतो, एवढं करूनही लोक सुधारत नाहीत.

सुरतेनं एक गोष्ट अशी केली जिच्याबद्दल झाडूएवढं कुणी बोलत नाही. दवाखाने, खासगी डॉक्टर यांच्याकडून कुठल्या भागात कुठल्या तापाचे किती रुग्ण आले, याचे आकडे महापालिका नियमित गोळा करू लागली. चौथ्या रकान्याचं स्वतंत्र रजिस्टरच ते. एखाद्या वॉर्डात आकडा चढला की पथक तिथं जायचं. प्लेगनंतरच्या त्या वर्षांत हिवतापाचे रुग्ण बरेच घटल्याची नोंद आहे. ती घट आपण मानू शकतो, कारण मोजण्याची सोय केलेली होती. बहुतेक संस्थांचं घोडं इथंच अडतं. काम सुरू करण्याआधी काय परिस्थिती होती हे कुणी लिहून ठेवत नाही, मग शेवटी बदल कशाच्या तुलनेत सांगणार? आमच्या वर्गाच्या रजिस्टरात प्रत्येक बाईचं नाव, पत्ता, फीची पावती आहे. ती येण्याआधी काय कमवत होती, हा एक रकाना नाही.

इथं मला एक शब्द आठवतो, तुम्हा दोन्ही घरच्या वाचकांना तो सांगायला हवाच असं नाही. कन्नडमध्ये कस म्हणजे केरकचरा. मराठीत कस म्हणजे सोन्याची परीक्षा. आमच्याकडं आजी सकाळी ‘कस होडि’ म्हणून आम्हाला अंगण झाडायला पिटाळायची आणि आजोबा सराफाकडं बांगडीचा कस पाहायला जायचे. लहानपणी मला वाटायचं, सोन्यातही केर असतो की काय. किती कस उचलला हा तिसरा रकाना, आणि कामाचा कस लागला का हा चौथा. एवढं मी अव्वांना सांगितलं तेव्हा त्यांना लॉजिक मॉडेल माझ्या आधी समजलं.

सुरतेचं कौतुक करताना दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे रस्तारुंदीच्या वेळी पाडापाडी झाली. मोठ्यांची बांधकामंही सुटली नाहीत, म्हणून लोकांनी ती सोसली असं म्हणतात. पण ज्याची टपरी गेली त्याच्या घरी चौथा रकाना उलटाच भरला असणार. चांगल्या तक्त्यात तोही लिहायचा असतो, आणि तो कुणी लिहीत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. या तक्त्याला खाली एक ओळ असते, जी आपण वाचतही नाही. ‘हे सर्व कोणत्या गृहीतांवर अवलंबून आहे?’ सुरतेचं एक न लिहिलेलं गृहीत होतं की तापी आपल्या पात्रात राहील. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं शहराचा बहुतेक भाग बुडाला. पुरानंतर उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. झाडू कुठं कमी पडला नव्हता, ती ओळच कोरी होती. पुढं रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं सुरतेत हवामान बदलासाठी वेगळा ट्रस्ट झाला आणि धरणापासून शहरापर्यंत पुराची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था उभी राहिली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेनं इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. राव जाऊन तेव्हा पाव शतक उलटलं होतं. साहेब गेल्यावरही काम टिकतं का, ही कसोटी मला पहिल्या क्रमांकापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडचं काय? २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, त्या वर्षीचा उत्साह ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. समिती येणार म्हटलं की आदल्या रात्री कसबरिगे घेऊन पाटीलसुद्धा रस्त्यावर. त्यातनं कित्येक गावांना सवय लागली, हे खरंच. पण संडास मोजून बक्षीस मिळू लागलं तेव्हा संडास बांधले गेले, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कडबा आणि शेणकुटं ठेवली गेली. संडास हा तिसरा रकाना, त्यात माणूस बसणं हा चौथा. पाणी कुठून आणायचं, हा मधला दुवा, आणि तो हंडा बाईच्याच डोक्यावर. २०१९ च्या महापुरात शिरोळ आणि चिकोडीच्या गावांत मदतीचे ट्रक आले तेव्हाही जुन्या कपड्यांचे ढीग पडले. देणाऱ्यांचा तिसरा रकाना भरून वाहत होता.

फोन ठेवण्याआधी मी अक्काला मूळ प्रश्न विचारला. तू शिवण कुठं शिकलीस? “कुठं शिकणार? शेजारणीनं दाखवलं. सकाळी माणूस साड्यांचा गठ्ठा आणून टाकतो, संध्याकाळी घेऊन जातो. पैसे कमीच देतो मेला. पण काम दारात येतं.”

हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी अव्वांना बरोबर घेतलं आणि रजिस्टरमधल्या पत्त्यांवर निघाले. चार दुपारी आम्ही फिरलो. बऱ्याच घरांत मशीनवर कव्हर होतं, काही ठिकाणी त्यावर टीव्ही होता. शिवणकाम कुणी विसरलं नव्हतं. ब्लाउज कापायची भीती वाटते, गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं तर भरून कुठून देऊ, असं दोघी-तिघींनी सांगितलं. एकीच्या सासूबाईंना लोकांनी घरात आलेलं चालत नव्हतं. ज्या कमवत होत्या त्या बहुतेक साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या होत्या आणि त्यांना काम पुरवणारा एखादा दुकानदार ओळखीचा होता. आमच्या वर्गात फॉल-पिको एका दिवसात उरकतात, आणि दुकानदारांशी मंडळानं आजवर कधी बोलणंच केलेलं नाही. एका घरी मात्र मुलीच्या शाळेच्या फीचं पुस्तक आमच्यापुढं ठेवून ती बाई म्हणाली, “हे मशीनचं.” अव्वांनी ते पान दोनदा उलटून पाहिलं.

फॉर्म अजून माझ्याकडंच आहे, शेवटची तारीख पंधरवड्यावर आली. मंडळात दोन तट पडलेत. निम्म्या म्हणतात, चौथ्या रकान्यात खरं लिहिलं तर एक पैसा मिळणार नाही. प्रमाणपत्रांचा आकडा मोठा आहे, तोच तिथंही लिहा. अव्वांचं म्हणणं वेगळं आहे. नवीन मशीन मागूच नयेत. त्याऐवजी पुढच्या तुकडीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीची आजची कमाई लिहून घ्यायला एक वही, कापड बिघडलं तर भरपाईसाठी थोडा निधी, आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांकडं खेपा घालायला एका बाईचा पगार, एवढंच मागावं. त्यांनी पहिला रकाना पेन्सिलीनं खोडून तसा लिहूनही ठेवलाय, कन्नडमध्ये. येत्या गुरुवारी बैठक आहे, तोवर मला त्याचं मराठी करायचंय.